जुन्या बाटल्या ऑनलाइन लिलावात विकताय? आधी वय बघा, मग बोली लावा

कोकणातल्या जुन्या घराचा माळा उतरवा किंवा सोलापूर, मालेगाव, मिरजेच्या एखाद्या घरातली अडगळीची खोली रिकामी करा, दोन-चार जुन्या बाटल्या हमखास निघतात. गोटीच्या सोड्याची जाड हिरवट बाटली, दवाखान्याच्या औषधाची निळी शिशी, दौतीची चौकोनी बाटली, नाहीतर दादीच्या पेटीतली अत्तराची नाजूक कुपी. पूर्वी हा सगळा माल किलोच्या भावाने भंगारात जायचा. आता घरातली तरुण मुलं मोबाईलवर बघतात की अशाच बाटल्यांवर इंग्लंड-अमेरिकेत बोली लागते. मग प्रश्न येतो, आपणही विकू शकतो का?

उत्तर आहे, हो. पण सगळ्याच बाटल्या नाही आणि सगळीकडे नाही. आपल्या देशात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी वेगळा कायदा आहे आणि तो माहीत नसताना केलेलं एक पार्सल महागात पडू शकतं. शिवाय काच म्हणजे काच. शंभर रुपये वाचवायला केलेलं कच्चं पॅकिंग अख्खा सौदा बुडवतं. म्हणून बाटली ओळखण्यापासून ती गिऱ्हाईकाच्या हातात सुखरूप पोहोचेपर्यंतची वाट आम्ही इथे क्रमाने सांगत आहोत.

बाटली कोणाची आहे, हे आधी ठरवा

वडिलोपार्जित घरात सापडलेली वस्तू ज्याला सापडली त्याची होत नाही. दादा किंवा नाना वारले असतील आणि सामानाची वाटणी झाली नसेल, तर ती बाटली सगळ्या वारसांची आहे. त्यात बहिणी आल्या, फुफी आल्या. वस्तू किरकोळ वाटते म्हणून कोणी विचारत नाही आणि लिलावात तिला चांगली रक्कम आली की घरात कुरबूर सुरू होते. विकण्याआधी सगळ्यांना फोटो पाठवा, रजामंदी घ्या आणि आलेली रक्कम हिश्शाप्रमाणे वाटा. व्हॉट्सॲपवरचा एक लेखी होकार पुढचे दहा वाद टाळतो.

जमिनीतून निघालेल्या वस्तूंची गोष्ट तर आणखी वेगळी. इंग्लंडमध्ये जुने उकिरडे खणून बाटल्या काढायचा छंद आहे, त्याचे व्हिडिओ आपल्याकडेही बघितले जातात. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित किल्ले, मकबरे, जुन्या वास्तू यांच्या आवारात तर परवानगीशिवाय खणणं हाच गुन्हा आहे. तेव्हा कुदळ घेऊन निघू नका. घरातलं घरात बघा.

कोणत्या बाटल्यांना गिऱ्हाईक आहे?

जुनी म्हणजे महाग, असं गणित नसतं. संग्राहक चार गोष्टी बघतात: काचेचा रंग, काचेत उठवलेली अक्षरं, मूळ लेबल किंवा बूच शाबूत आहे का, आणि नुकसान किती आहे.

गोटीची सोडा बाटली आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची, मग आतल्या वायूच्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबराच्या कडीला घट्ट बसते आणि तीच बूच होते. गळ्याला दाबून केलेल्या खळग्यांमुळे ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येत नाही. पोरांनी गोट्यांसाठी या बाटल्या फोडल्या, म्हणून जुन्या कमी उरल्या. तरी साधी हिरवट बाटली दुर्मीळ नाही, कारण भारतात ही बाटली अगदी अलीकडेपर्यंत बनत होती आणि गावोगावी वापरात होती. भाव चढतो तो वेगळ्या रंगाच्या काचेला, आणि बाटलीवर सोडा कारखान्याचं किंवा शहराचं नाव उठावात असेल तर.

महाराष्ट्राची स्वतःचीही काच आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे सुरू झाला. कराडजवळ ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना १९१६ चा, त्याचे प्रभाकर कंदील घरोघरी होते. मुंबईच्या ड्यूक अँड सन्स या शीतपेयांच्या कंपनीची सुरुवात १८८९ ची. अशी ओळखीची नावं काचेवर किंवा लेबलवर असतील तर देशातल्या देशातच गिऱ्हाईक मिळतं, परदेशाकडे बघायची गरज पडत नाही.

आपल्या घरांत आणखी दोन प्रकार सापडतात. एक म्हणजे हकिमी आणि युनानी औषधांच्या, शरबताच्या बाटल्या. दिल्लीत हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये हमदर्द दवाखाना सुरू केला, तिथूनच पुढे रूह अफजा आलं. अशा बाटलीची किंमत काचेपेक्षा तिच्या रंगीत लेबलात जास्त असते. दुसरा प्रकार अत्तराच्या कुप्या आणि सुरमेदाण्या. यांत एक सावधगिरी: बूच किंवा सुरम्याची सळई हस्तिदंताची असेल तर ती विकायचा विचारच करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी.

लिलावात दारूच्या बाटल्यांचाही मोठा बाजार आहे. ज्या घरांना तो माल हाताळायचा नाही, त्यांच्यासाठी सोडा, शाई, औषध, अत्तर, लोणच्याच्या बरण्या, दूध आणि तेलाच्या बाटल्या एवढं क्षेत्र पुरेसं आहे.

वय कसं ओळखायचं?

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण पुढचा कायदा वयावरच चालतो.

पहिली खूण शिवण. बाटली साच्यात बनते तेव्हा दोन्ही बाजूंना एक उभी बारीक रेघ उमटते. बोट फिरवून बघा. रेघ तळापासून थेट ओठावरून पार गेली असेल तर बाटली पूर्ण यंत्रावर बनलेली आहे. रेघ गळ्यावर किंवा ओठाच्या खाली विरली असेल तर ओठ हाताने घडवलेला आहे. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास आलं आणि मग यंत्राची बाटली जगभर पसरली. पण इथे घाई करू नका. भारतात हाताने काच फुंकणं त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिलं. त्यामुळे शिवण बनवायची पद्धत सांगते, नक्की साल सांगत नाही.

दुसरी खूण तळ. तळाच्या मध्यभागी खरखरीत गोल व्रण असेल तर तिथे काच फुंकणाऱ्याने सळई चिकटवून मग तोडलेली असते. तिसरी खूण तोंड. बिल्ल्याचं, म्हणजे ओपनरने उघडायच्या झाकणाचं तोंड असेल तर बाटली १८९२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण विल्यम पेंटर यांनी ते झाकण तेव्हा शोधलं.

चौथी खूण आपल्या देशाची, आणि हीच सगळ्यात कामाची. लेबल किंवा उठावातली अक्षरं नीट वाचा:

- पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर बाटली १९७२ नंतरची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला.
- पत्त्यात महाराष्ट्र राज्य असं असेल तर १ मे १९६० नंतरची.
- किंमत नव्या पैशांत असेल तर १९५७ नंतरची, आण्यांत असेल तर बहुधा त्याआधीची.
- माप मिलिलिटरमध्ये असेल तर बहुधा १९५० च्या दशकाच्या शेवटी मेट्रिक मापं आली त्यानंतरची; औंसात असेल तर त्याआधीची असण्याची शक्यता जास्त.
- एकाच कंपनीच्या शाखा मुंबई, कराची, लाहोर अशा लिहिलेल्या असतील तर बहुधा फाळणीआधीची.

एका खुणेवर निकाल देऊ नका. तीन खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तर अंदाज पक्का धरा. आणि खुणा जुळत नसतील तर बाटली नक्कल असू शकते. जुन्या साच्याची हुबेहूब नवी बाटली बाजारात भरपूर आहे. जुन्या बाटलीच्या तळावर वर्षानुवर्षं घासल्याने बारीक चरे पडलेले असतात, गोटीच्या हालचालीच्या खुणा आत दिसतात. गुळगुळीत, चकचकीत तळ बघितला की शंका घ्यायची.

शंभर वर्षांची रेघ

पुरावस्तू आणि बहुमोल कलावस्तू कायदा, १९७२ असं या कायद्याचं नाव. त्यानुसार कलाकुसरीची, जुन्या काळची कारागिरी किंवा चालीरीती दाखवणारी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू किमान शंभर वर्षं जुनी असेल तर ती पुरावस्तू ठरते. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हा हक्क फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. कायदा मोडला तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय दंड. देशातल्या देशात पुरावस्तू विकायचा धंदा करायचा असेल तरी परवाना लागतो.

सोड्याची साधी बाटली पुरावस्तूत मोडते का? हे विकणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही. कायद्याच्या कलम २४ प्रमाणे शंका आली तर निकाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे महासंचालक देतात आणि तो अंतिम असतो. वस्तू पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्रही याच खात्याकडून मिळतं. परदेशात पाठवायच्या जुन्या दिसणाऱ्या मालासोबत ते कागदपत्र असेल तर कस्टममध्ये अडवणूक होत नाही.

म्हणून आमचा साधा सल्ला असा. लेबलवर पिनकोड आहे, मेट्रिक माप आहे, म्हणजे बाटली उघडच अलीकडची आहे, तर तिच्या वयाचा पुरावा फोटोत दाखवून विका. शंभरीच्या जवळपास जाईल असं वाटलं तर परदेशी बोली अजिबात घेऊ नका, आधी खात्याला विचारा. आणि खरोखर जुनी, नावाची, दुर्मीळ बाटली निघाली तर एखाद्या संग्रहालयालाही विचारून बघा. परदेशातले विक्रेते व्हिडिओत दीडशे वर्षांची बाटली जगभर पाठवताना दिसतात, ते त्यांच्या देशाच्या कायद्याने चालतात. आपल्याला आपल्या कायद्याने चालायचं आहे.

एक उलटा मोहही असतो. बाटली १९६० ची, पण भाव यावा म्हणून वर्णनात लिहायचं, दीडशे वर्षं जुनी. हे खोटं तर आहेच, वर स्वतःहून कायद्याच्या जाळ्यात पाय टाकणं आहे.

धुवा, पण जपून

धुळीने माखलेली बाटली बघून हात शिवशिवतात. थांबा. लेबल असेल तर पाण्यात बुडवू नका, फक्त कोरडा मऊ ब्रश फिरवा. लेबल नसेल तर कोमट पाणी, थोडा साबण, बाटली धुवायचा मऊ ब्रश. उकळतं पाणी नको, जुनी काच तडकते. तारेची घासणी, राख, वाळू नको, चरे पडतात आणि भाव पडतो.

काही बाटल्या कितीही धुतल्या तरी आतून धुरकट राहतात. ती घाण नसते. मातीत किंवा ओलीत वर्षानुवर्षं पडून काचेचा पृष्ठभागच खराब झालेला असतो. तसंच राहू द्या आणि वर्णनात लिहा.

औषधाच्या बाटलीत जुना द्रव किंवा भुकटी उरली असेल तर वास घेऊ नका, मुलांच्या हातात देऊ नका. निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या बाटल्या तर बऱ्याचदा विषारी औषधाच्याच असायच्या. अंधारातही हाताला कळावं म्हणून ते कंगोरे. अशी भरलेली बाटली पार्सलने पाठवायचीच नाही.

फोटो आणि वर्णन: ऐब आधी सांगा

ऑनलाइन लिलावात गिऱ्हाईक बाटली हातात घेऊन बघू शकत नाही. तुमचे फोटो हेच त्याचे डोळे आणि तुमचे शब्द हेच त्याचे हात.

खिडकीच्या उजेडात, मागे पांढरी चादर लावून फोटो काढा. चारही बाजू, तळ, ओठ, शिवण, अक्षरं, आणि प्रत्येक नुकसानीचा जवळून एक. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे उंची कळते. फोटोत घराचा पत्ता किंवा घरची माणसं येऊ देऊ नका.

वर्णनात उंची, व्यास, वजन, काचेचा रंग, उठावातली अक्षरं जशीच्या तशी आणि अंदाजे काळ लिहा. कशावरून अंदाज केला तेही लिहा. मग नुकसान: ओठाला टवका, केसासारखा तडा, अंगावर चरे, आत धुरकटपणा, काचेतले बुडबुडे. बुडबुडे बनवतानाचे असतात, काही जणांना ते आवडतात. तडा मात्र नंतरचा, आणि तो लपवला की सौदा मोडतो. तडा शोधायला उजेडासमोर बाटली हळूहळू फिरवा. तडा चमकतो.

बाजारात एक लबाडी चालते. धुरकट बाटलीला आतून तेलाचा हात फिरवला की फोटोत ती स्वच्छ दिसते. पुढे तेल सुकतं आणि गिऱ्हाईकाला सगळं कळतं. मालातला ऐब गिऱ्हाईकाला सांगूनच विकायचा, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलं जातं. ऑनलाइन बाजारातही हिशेब तोच आहे. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यावा लागतो, जाण्या-येण्याचा खर्च डोक्यावर बसतो आणि खात्यावर वाईट शेरा कायमचा राहतो. उलट, ज्याच्या वर्णनावर डोळे मिटून भरवसा ठेवता येतो त्याच्याकडे संग्राहक पुन्हा पुन्हा येतात आणि दोन पैसे जास्तही देतात.

लिलाव कसा चालतो, भाव कसा ठरवायचा?

ईबे ही या धंद्याची जुनी आणि मोठी पेढी. ती अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झाली. तिची भारतातली वेबसाइट २०१८ मध्ये बंद पडली, पण भारतातले विक्रेते तिच्यावरून परदेशात माल विकतात. देशातल्या देशात फेसबुकवरचे आणि व्हॉट्सॲपवरचे संग्राहकांचे गट, स्थानिक जाहिरातींची ॲप्स आणि नाणी-नोटांबरोबर इतर वस्तूही घेणाऱ्या लिलाव पेढ्या असे रस्ते आहेत. मुंबईकरांना चोरबाजारातली मटन स्ट्रीट आहेच. विकायचं नसलं तरी तिथे एक फेरी मारा, भावाचा अंदाज येतो.

भाव बघताना एक फरक लक्षात ठेवा. कोणीतरी बाटलीला पन्नास हजार मागतोय म्हणजे ती पन्नास हजारांची झाली नाही. विकला गेलेला भाव बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून बघता येतात. तशीच बाटली, तसाच रंग, तेवढंच नुकसान, असे चार-पाच सौदे सापडले की खरा भाव कळतो.

बोली बहुतेक वेळा शेवटच्या मिनिटात चढते. त्यामुळे लिलाव संपायची वेळ गिऱ्हाईकाच्या सोयीची हवी. इंग्लंडच्या गिऱ्हाईकांसाठी रविवारी रात्री आठ ही चांगली वेळ, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर दीड, उन्हाळ्यात साडेबारा. सुरुवातीची किंमत एवढीच ठेवा की तेवढ्यात गेली तरी पश्चात्ताप होणार नाही. ही काळजी लिलाव सुरू करण्याआधी करायची, नंतर नाही.

नंतर केली की माणूस चुलतभावाला सांगतो, तू थोडी बोली वाढव. घ्यायचं नसताना दुसऱ्याला चढवण्यासाठी बोली लावणं याला फिक्हच्या किताबांत नजश म्हणतात आणि ते मना आहे. लिलाव साइटच्या नियमांतही ते बंद आहे, सापडलं तर खातं जातं.

पॅकिंग: काचेला काच लागता कामा नये

पार्सल किती जणांच्या हातून जातं आणि किती वेळा आपटतं, याचा विचार करून पॅक करा.

१. बूच, झाकण, कुपीची डांडी वेगळी काढून वेगळी गुंडाळा. लावून ठेवली तर गळा तुटतो.
२. गोटीची बाटली असेल तर तोंडातून मऊ कागद हलकेच सरकवा, म्हणजे गोटी वाटेत काचेवर आपटणार नाही. ठासून भरू नका.
३. बाटलीभोवती आधी मऊ कागद, मग फुग्यांच्या प्लास्टिकचे तीन-चार वेढे. गळा बारीक असतो, तिथे जास्त वेढे देऊन तो अंगाएवढा जाड करा. लेबलला चिकटपट्टी लागू देऊ नका.
४. हे एका छोट्या घट्ट खोक्यात. हलवून बघा, आवाज येता कामा नये.
५. ते खोकं दुसऱ्या मोठ्या, जाड खोक्यात. चारही बाजूंनी, वर-खाली पाच सेंटिमीटर जागा सोडा आणि चुरगळलेले कागद किंवा थर्माकोल दाबून भरा.
६. दोन बाटल्या असतील तर दोन वेगळ्या आतल्या खोक्यांत.
७. आत एका कागदावर दोन्ही पत्ते ठेवा. बाहेरचा फाटला तर उपयोगी पडतो.

पॅक करताना आणि सील करताना मोबाईलवर एकसलग व्हिडिओ काढा. बाटली शाबूत आत गेली हे त्यात दिसलं पाहिजे. नंतर माल फुटल्याची तक्रार आली तर तोच तुमचा पुरावा.

पाठवायचा खर्च आधी काढा

नवीन विक्रेते इथेच गोत्यात येतात. कुरियरवाले खरं वजन आणि आकाराचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. आकाराचं वजन काढायची रीत सोपी: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागा. समजा तुमची बाटली ६०० ग्रॅमची आहे आणि बाहेरचं खोकं ३० गुणिले २५ गुणिले २५. गुणाकार १८,७५०, भागाकार ३.७५. म्हणजे पैसे पावणेचार किलोचे. म्हणून बाटली आधी पॅक करा, मोजा, दर विचारा, मग लिलावात पाठवणीचा खर्च लिहा.

देशात पाठवायला पोस्ट आणि कुरियर दोन्ही चालतात. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. विमा घेताना काचेच्या मोडतोडीची भरपाई मिळते का, हे स्पष्ट विचारा. बऱ्याच ठिकाणी काच त्यातून वगळलेली असते.

परदेशात पाठवायचं तर निर्यातीचे कागद लागतात. छोट्या विक्रेत्यांसाठी पोस्टाने डाकघर निर्यात केंद्रं उघडली आहेत, तिथे माहिती मिळते. नियमित निर्यात करायची असेल तर आयात-निर्यात कोड घ्यावा लागतो. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे. तेव्हा तिकडच्या गिऱ्हाईकाला कर लागेल हे लिलावातच सांगून ठेवा आणि पाठवायच्या दिवशी पोस्टात ताजा नियम विचारा. अत्तर उरलेल्या कुप्या पाठवू नका, तो द्रव ज्वलनशील धरला जातो.

गिऱ्हाईक कधी कधी म्हणतो, पार्सलवर गिफ्ट लिहा किंवा किंमत कमी दाखवा. नम्रपणे नाही म्हणा. खोटी घोषणा तुमच्या सहीने होते, त्याच्या नाही. आणि किंमत कमी लिहिलेलं पार्सल फुटलं तर भरपाईही तेवढीच. घरातल्या एकदोन बाटल्या विकणं वेगळं आणि नियमित धंदा वेगळा. धंदा सुरू केलात तर जीएसटी आणि प्राप्तिकराबद्दल एखाद्या सीएला विचारून घ्या.

पैसे आणि फसवणूक

जाहिरात टाकल्यावर पहिला फोन बहुतेक वेळा ठगाचाच येतो. तो घासाघीस करत नाही, फोटो नीट बघत नाही, लगेच म्हणतो, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. लक्षात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. घरातल्या खालाजान, दादाजान मोबाईल वापरत असतील तर त्यांना हे आजच समजावून सांगा.

दुसरा प्रकार: तुमची बाटली लाखोंची आहे, फक्त आधी नोंदणी फी किंवा तपासणी फी भरा. असंच जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली चालतं, त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावधही केलं होतं. खरा गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही. तिसरा प्रकार: पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसेपर्यंत पार्सल हलवू नका. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

थोडक्यात

या धंद्यातून कोणी रातोरात श्रीमंत होत नाही. बऱ्याच बाटल्या काही शे रुपयांत जातील, काही जाणारच नाहीत. पण घरात बसून काम करणाऱ्या भगिनींना, शिकणाऱ्या मुलांना, भंगाराच्या धंद्यात पिढ्या गेलेल्या आपल्या भावांना हे हुन्नर शिकण्यासारखं आहे. विशेषतः भंगारवाल्या भावांना, कारण फुटून काचेच्या ढिगात जाणारी चांगली बाटली सगळ्यात आधी त्यांच्याच हातात येते.

पहिली बाटली शोधाल तेव्हा स्वस्त, लेबलवर पिनकोड असलेली, देशातल्या देशात विकता येणारी अशी घ्या. वारसांना विचारा, वय तपासा, ऐब लिहा, दोन खोक्यांत बांधा, पैसे खात्यात बघा आणि मगच पाठवा. एक सौदा असा नीट पार पडला की दुसऱ्याची भीती वाटत नाही, आणि बरकतही त्यातच आहे.